आई-बापांचे वाध्यार

तंजावूरच्या आमच्या घरमालकांना दुकानात शिरताना चपला बाहेर काढायची सवय होती. औषधाचं दुकान असो, झेरॉक्सचं असो, मोबाइल दुरुस्तीचं असो, देवळात काढाव्यात तशा ते चपला पायरीखाली ठेवायचे आणि अनवाणी आत जायचे. एकदा औषधाच्या दुकानाबाहेरून त्या चोरीला गेल्या. भर उन्हात पाय भाजत घरी आले, तरी सवय सुटली नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "जेथे आपण कांही विचारायला जातो, तेथे चपला काढून जावं."

"पण तुम्ही तर डोकेदुखीची गोळी आणायला गेला होतात."

"कोणती घेऊ, हे विचारलंच की."

सगळी गल्ली त्यांना वाध्यार म्हणायची. तमिळमध्ये वाध्यार म्हणजे मास्तर. ते एका मोठ्या इंग्रजी शाळेत गणित शिकवायचे आणि निवृत्तीला बरीच वर्षं असताना एके दिवशी शाळा सोडून घरी येऊन बसले होते. का सोडली, यावर गल्लीत वेगवेगळ्या कथा होत्या. डोकं फिरलं, ही त्यातली सगळ्यात आवडती.

माझ्या नवऱ्याला तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात नोकरी लागली, म्हणून आम्ही सांगलीहून गेलो. राजवाड्यामागच्या गल्लीत जागा बघायला गेलो, तर दारातल्या तिण्णैवर, म्हणजे घरासमोरच्या ओट्यावर, एक उंच, काटक गृहस्थ बसलेले. आम्ही दोघं आपसात मराठीत कुजबुजतोय हे ऐकून ते ताडकन उठले.

"मराठी? कोठून आलांत?"

भाडं, अनामत, मांसाहार, पाण्याची वेळ, कशाचीच चौकशी त्यांनी केली नाही. एवढंच विचारलं, "घरात मुलीशी कोणत्या भाषेत बोलतां?"

"मराठीतच," मी म्हटलं.

त्यांना तेवढं पुरलं. मग ते वरच्या मजल्याची किल्ली आणायला आत गेले.

मराठी राजांच्या काळी इकडे येऊन राहिलेलं त्यांचं घराणं; त्यांचं मराठी ऐकताना मला सुरुवातीला हसू यायचं. चाल सगळी तमिळ आणि शब्द मात्र माझ्या पणजीच्या तोंडचे. 'झालं'ला 'जाहलं', 'मला'ला 'मज'. त्यांच्या मते मराठी आमचंच बिघडलं होतं. आणि हा माणूस घरात पिढ्यान् पिढ्या मराठी बोलत आला असूनही त्याला देवनागरीचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. कधी मराठीत लिहायची वेळ आलीच, तर ते तमिळ अक्षरांत लिहायचे. तमिळमध्ये क आणि ग ला अक्षर एकच. त्यामुळे पुढे मी तमिळ अक्षरं जुळवू लागले, तेव्हा त्यांनी लिहिलेलं 'गाय' मी 'काय' वाचायचे आणि 'काय' वाचायचं तिथे गाय यायची.

लहान मुलांनाही ते अहो-जाहो करायचे. आमची मुक्ता तेव्हा सात वर्षांची. "मुक्ता, तुम्ही जेवलांत का?" असं विचारायचे. उत्तर यायचं नाही. ते वाट बघायचे आणि मान हलवून आत जायचे.

मुक्तानं बोलणं टाकलं होतं.

सांगलीत ती बडबडी होती. इथल्या शाळेत वर्गात इंग्रजी, मैदानावर तमिळ. दोन्ही भाषा तिला येत नव्हत्या. पहिले काही आठवडे ती घरी येऊन रडली, मग रडणं थांबलं आणि त्याबरोबर बोलणंही. शाळेत एक शब्द नाही, पुढेपुढे घरीही मान हलवण्यापलीकडे काही नाही. वर्गशिक्षिकेनं आम्हाला बोलावलं. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, मुलीची तपासणी करून घ्या, पुन्हा याच वर्गात बसवावं लागेल. सकाळी शाळेची व्हॅन गल्लीच्या तोंडाशी येऊन हॉर्न वाजवायची आणि मुक्ता पायरीवर उलटी करायची. मी तोंड पुसून, गणवेश बदलून तिला व्हॅनमध्ये कोंबायचे. वाध्यार तिण्णैवरून हे रोज बघत.

एका सकाळी मी मुक्ताचं तोंड धूत असताना ते उठून गल्लीच्या तोंडाशी गेले आणि व्हॅनवाल्याला हातानं जा म्हणाले. व्हॅन गेली.

मी संतापले. "तुम्ही कोण ठरवणारे?"

"घरमालक," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बसा, अम्मा. एक विचारतो. हिला मराठी कोण शिकवलं?"

"कुणी नाही. आपोआप आलं."

"आपोआप कांही येना. कोणत्या शाळेत घातलं होतं मराठी शिकायला?"

"शाळेत कशाला? घरीच. मी बोलायचे, ती ऐकायची."

"चुकली की मारलं?"

"छे."

"नापास केलं?"

मी मुक्ताच्या तोंडावरचं पाणी पुसू लागले.

"भाषा हा जगातला सगळ्यात कठीण विषय," ते म्हणाले. "तो तुम्ही शिकवून बसलांत, तेही स्वयंपाक करता करता. आणि आता बेरीज-वजाबाकीस भितां?"

मी सांगायला लागले की मी साधी बी.ए., माझं इंग्रजी कच्चं, गणितात मी दहावीला काठावर. ते हात वर करून म्हणाले, "मज काय येना, हे सगळेच सांगतात. येतं काय, ते सांगा." मी म्हटलं, काही नाही. तर म्हणाले, "असं म्हणणाऱ्याला मी घर भाड्यानं देत नाही. संध्याकाळपर्यंत विचार करून सांगा."

त्या दिवशी मी स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, मला काय येतं याचा विचार करत होते. लग्न होऊन दहा वर्षं झाली होती आणि हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

मुक्ताला शाळेतून काढून घरीच शिकवायचं, याला नवऱ्यानं कडाडून विरोध केला. "ती मागे पडेल." वाध्यारांनी त्याला शांतपणे विचारलं, "कोणाच्या?" त्याला काही ते पटलं नाही. शेवटी एक वर्ष बघू, यावर तो तयार झाला. मला वाटलं, चला, गणिताचे मास्तर खालीच राहतात, तेच शिकवतील. तसं म्हणाले, तर ते जवळजवळ रागावलेच.

"मी मुलांस शिकवत नाही. ते काम सोडलं मी. आई-बापांस पाहिजे तर शिकवतो."

आणि खरंच, दुपारी मुक्ता झोपली की ते मला शिकवायचे. विषय शिकवायचे नाहीत. मूल चुकीचं उत्तर देतं तेव्हा आपण तोंड कसं बंद ठेवायचं, हे शिकवायचे. मला ते फार अवघड जायचं. माझ्या ओठांवर उत्तर आलेलं त्यांना दिसायचं आणि ते लांबूनच बोट वर करायचे. "मूल शोधतंय. तुमचं काम जागं राहायचं." पहिले काही महिने मी सैपाकघरात पदरात तोंड घालून रडले आहे. मुक्ता मणी ओवायची, तांदूळ निवडायची, माझ्याबरोबर बाजारात यायची, सगळं करायची. फक्त बोलायची नाही. मी खाली जाऊन म्हणायचे, "वाध्यार, मला जमत नाहीये." ते म्हणायचे, "उलटी थांबली कां?" उलटी पहिल्याच आठवड्यात थांबली होती. "मग जमतंय."

मग एके दिवशी ते ओट्याच्या लाल फरशीवर पाण्याचं भांडं घेऊन बसले. मुक्ता पायरीवर होती. मला म्हणाले, "तुमच्या लिपीतला क कसा काढतात?" मी ओल्या बोटानं फरशीवर काढून दाखवला. त्यांनी काढला. वाईट काढला. मग ग काढला, तो त्याहून वाईट, त्याचा कानाच पडला. मी सांगणार, तेवढ्यात त्यांनी ते बोट वर केलं.

पाणी वाळून अक्षर गेलं. त्यांनी पुन्हा काढलं, पुन्हा तसंच. एक म्हातारा माणूस घाम पुसत, जीभ दातांत धरून, फरशीवर झगडत होता. ते नाटक नव्हतं. त्यांना खरंच जमत नव्हतं.

"तसं नाही, आजोबा," मुक्ता म्हणाली.

इतक्या महिन्यांत तो आवाज मी विसरत चालले होते. वाध्यारांनी मान वर केली नाही. "मग कसं?" एवढंच म्हणाले आणि बाजूला सरकून तिला जागा दिली. तिनं त्यांचं बोट धरून ग काढला, कान्यासकट. "हा 'गाय'चा. तुम्ही काढला तो कशाचाच नाही." त्या उन्हाळ्यात मुक्तानं त्यांना बाराखडी शिकवली. फार कडक मास्तरीण होती. चुकले की "पुन्हा" म्हणायची. आणि त्यांना शिकवता शिकवता तिनं त्यांच्याकडून तमिळ उचललं, कधी, ते मला कळलंसुद्धा नाही.

रविवारी सकाळी त्यांच्या तिण्णैवर आई-बाप जमायचे. एका वेळी पाच-सहा जण, जास्त कधीच नाही. तिरुवैयारुहून एक व्हायोलिन शिकवणारं जोडपं यायचं. पापनाशमहून एक नर्स बसनं यायची. वाध्यार स्वतः फिल्टर कॉफी करून टंबलर-डबऱ्यात, तिथल्या पेला-वाटीत, सगळ्यांना द्यायचे आणि भाषण अजिबात द्यायचे नाहीत. प्रत्येकानं एवढंच सांगायचं: या आठवड्यात मुलानं काय विचारलं आणि मी काय केलं. त्यांचा एकच नियम होता. 'तेरियादु', म्हणजे ठाऊक नाही, हे म्हणायला लाजायचं नाही, पण त्यावर थांबायचंही नाही. लगेच पुढे 'पार्प्पोम' म्हणायचं. बघू या.

प्रत्येकानं पोराला शाळेतून काढावं, असंही त्यांचं म्हणणं नव्हतं. त्या नर्सला त्यांनी साफ सांगितलं, "तुमच्या कामाच्या पाळ्या तुमच्या हातात नाहीत. शाळा राहू द्या. पण संध्याकाळ शाळेला देऊ नका. ती तुमची." ती बिचारी रडायला लागली. म्हणाली, "सार, मी दिवसभर लोकांच्या जखमा धुते. मी काय शिकवणार?" वाध्यार म्हणाले, "जखम कशी भरते, हे मुलाने कधी विचारलं नाही?" तिनं डोळे पुसले. "रोज विचारतो," म्हणाली.

एकदा मी विचारलं, शाळा का सोडलीत. ते ऊंजलवर, म्हणजे घरातल्या लाकडी झोपाळ्यावर, बसले होते. पायानं झोका थांबवला.

"आई-बाप यायचे, हात जोडून म्हणायचे, सार, आम्हाला कांही कळत नाही, तुम्हीच बघा. मी बघायचो. मज अभिमान वाटायचा. पुढे ध्यानात आलं, मी बघू लागलो की ते बघायचे थांबतात. घरी मूल काय बोललं, विचारलं तर माहीत नसायचं. मी इतक्या लोकांकडून त्यांची मुलं घेतली, अम्मा."

त्यांची स्वतःची एक मुलगी होती, मैथिली. चेन्नईला मोठ्या कंपनीत. लग्न केलं नव्हतं. पोंगलला यायची. उंच, वडिलांसारखीच काटक, बोलायला सभ्य. दोघं आपसात इंग्रजीत बोलायचे, कधी तमिळमध्ये. जेवण झालं की ती ताट उचलून ठेवायची, 'थँक यू, अप्पा' म्हणायची. ती गेल्यावर एकदा वाध्यार म्हणाले, "फार चांगली आहे. चांगल्या पाहुण्यासारखी." मैथिली लहान असतानाच वाध्यारांची बायको गेली होती. तिच्याबद्दल ते बोलत नसत.

आम्हाला तिथं तिसरं वर्ष लागलं होतं. मे महिन्यातल्या एका सकाळी मुक्ता खाली गेली आणि धावत वर आली. "आई, आजोबांचं तोंड वाकडं झालंय."

ते ऊंजलवर कलंडले होते. कॉफी सांडून लुंगीवर पडली होती. उजवा हात लोंबत होता.

रुग्णालयात डॉक्टर त्यांच्याशी तमिळमध्ये बोलले, मग इंग्रजीत. वाध्यार नुसते बघत राहिले. वाचा गेली, असं नर्सनं लिहून घेतलं. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी डाव्या हातानं माझा पदर धरला आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "कोठे... आहे मी?"

मी ओरडलेच. डॉक्टरांनी नंतर समजावलं. मेंदूच्या झटक्यात असं होतं कधीकधी. माणसाला तीन भाषा येत असल्या तर तिन्ही सारख्या जात नाहीत. एखाद्याची पहिली, आईची भाषा थोडीफार मागे राहते. ज्या माणसानं आयुष्यभर इंग्रजीत गणित शिकवलं, त्याला आता 'वॉटर' कळत नव्हतं आणि 'तण्णी' कळत नव्हतं. 'पाणी' कळत होतं.

मैथिली दुपारपर्यंत पोचली. "अप्पा, इट्स मी." त्यांनी तिला ओळखलं. तिचा हात धरला, तो सोडलाच नाही. ती बोलत होती, ते तिच्या ओठांकडे बघत होते, बहिऱ्या माणसासारखे. मग माझ्याकडे वळून एकेक शब्द जोडत म्हणाले, "ही... जेवली... कां... विचारा."

मैथिलीला ते कळलं. मी तिचा चेहरा बघत होते. तिला शब्दन् शब्द कळला होता. तिनं तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते तमिळ. वाध्यारांनी मान हलवली. नाही कळत.

त्यांना घरी आणलं. मैथिली घरून काम करू लागली. वाचा-उपचार करणारी एक तरुण मुलगी चित्रांची कार्डं घेऊन यायची. तिनं गायीचं चित्र दाखवलं, वाध्यार म्हणाले, "गाय." तिला ते 'काय' ऐकू आलं, आणि तमिळमध्ये 'काय' म्हणजे कच्चं फळ. मुलीनं दुःखानं मान हलवली, तशी मुक्ता उसळून उठली, "बरोबर सांगितलं त्यांनी!"

मैथिली मला म्हणाली, मराठी बोलणारी कोणी बाई मिळेल का बघा, पगार हवा तेवढा देते. आम्ही तमिळमध्येच बोलत होतो, माझ्या मोडक्या तमिळमध्ये.

"तुम्हाला कळतं ना मराठी?" मी विचारलं.

"कळतं सगळं. येत नाही. या वयात कुठून येणार? तोंडात शब्दच नाही."

"तुमची आई तुमच्याशी कशात बोलायची?"

"मराठीत. मी शाळेत जाईपर्यंत."

"मग काय म्हणायची? भरवताना काय म्हणायची?"

ती दाराच्या चौकटीवर नख ओढत राहिली. मग खाली बघून, फार हळू म्हणाली, "आ कर."

"तेच म्हणा."

"अप्पांना? असं?"

"दुसरं येत नाही ना तुम्हाला? मग जे येतं त्यानं सुरुवात करा."

तिनं रसमभात कालवला. वाध्यारांना आधी दोन दिवस कोणाच्या हातचं जेवण जात नव्हतं, ते तोंड घट्ट मिटून घ्यायचे. ती त्यांच्यासमोर बसली. घास हातात धरला.

"आ कर," ती म्हणाली. ते बघत राहिले. "आ कर रे, बाळ. एक घास चिऊचा."

ज्या घरात सात वर्षांच्या पोरीलाही अहो-जाहो व्हायचं, तिथं चाळिशी ओलांडलेली मुलगी बापाला बाळ म्हणत होती, कारण तिच्याजवळ एवढंच मराठी होतं. तिच्या आईनं चार वर्षांच्या पोरीशी बोललेलं. वाध्यारांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्यांनी तोंड उघडलं.

त्यानंतर ती रोज आठवू लागली. सकाळी चहा घेताना सांगायची, आज एक सापडलं. 'नीज आता.' 'हात दे.' 'कोण आलं बघ.' 'पडशील.' वाढलेल्या माणसांचे शब्द ती माझ्याकडून घ्यायची, पण वडिलांशी बोलताना तिच्या तोंडी आईचेच यायचे. ती त्यांच्याशी तू-कारानंच बोलली, शेवटपर्यंत. त्यांनी कधी सुधारलं नाही. रविवारचे आई-बाप अजून यायचे. कॉफी आता ती करायची. वाध्यारांना त्यांचं तमिळ कळत नव्हतं, तरी ते मधे बसायचे आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघायचे.

पावसाळ्याच्या दिवसांत एका दुपारी मी वाळलेले कपडे द्यायला खाली गेले. दोघं ऊंजलवर होते. वाध्यार काहीतरी सांगायची धडपड करत होते. मी परत फिरले, तर त्यांनी डाव्या हातानं मला थांबवलं. शब्द अडला तर मी पुरवावा म्हणून असेल.

"तुझी... आई," ते म्हणाले. आईचा विषय त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होते. "तू शाळेत... मी म्हटलं... घरात इंग्लिश. फक्त. तिला येना. तिला मी म्हटलं..." इथं ते अडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण तो शब्द मला कसा ठाऊक असणार? बऱ्याच वेळानं तो त्यांनाच सापडला. "म्हटलं, तुला कांही येना. पोरीशी... तू बोलू नको. बिघडेल." श्वास घेतला. "ती गप्प जाहली. मग... गेली."

मला तेव्हा कळलं की तो ओटा, ती कॉफी, 'येतं काय ते सांगा' म्हणून आम्हा सगळ्यांच्या मागे लागणं, ते सगळं कोणाला उद्देशून होतं. ज्या एका बाईला ते सांगायचं राहून गेलं होतं, तिच्याऐवजी ते आम्हाला सांगत होते.

मैथिली हलली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिला 'क्षमा' हा शब्द येत नव्हता. रागाचाही एखादा शब्द येत असेल असं वाटत नाही. आईनं तो तिच्याशी वापरला नसेल. ती शोधत होती, मला दिसत होतं. लहान पोरीच्या हातून दूध सांडलं, काही फुटलं, तेव्हा आई काय म्हणायची?

"असू दे रे," ती म्हणाली. "असू दे. पुसू या आपण."

आणि तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

मग ती आत गेली. मी मागोमाग गेले. सैपाकघरात ओट्याला टेकून ती उभी होती. "आई माझ्याशी बोलेनाशी झाली," ती तमिळमध्ये म्हणाली. "मी शाळेतून यायचे, ती नुसती जवळ बसायची. मला आजपर्यंत वाटत होतं की मी तिला आवडेनाशी झाले." मी तिला धरून उभी राहिले. बाहेर ऊंजलची कडी वाजत होती.

वाध्यार मार्गळी महिन्यात, डिसेंबरच्या अखेरीस, गेले. दुसरा झटका, सकाळीच. मैथिली 'वेणीफणी करू या' म्हणून गंमत करत त्यांचे चार केस विंचरत होती. ते हसले, आणि हसता हसता मान तिच्या हातावर पडली.

रविवारची मंडळी सगळी आली. व्हायोलिनवालं जोडपं अंगणात उभं राहून रडलं. पण पुढच्या रविवारी कोणी आलं नाही, आणि त्याच्या पुढच्याही. असं काही एका माणसावर चालतं आणि त्याच्याबरोबर संपतं. तिरुवैयारुची मुलं नंतर शाळेत गेली म्हणे. मुक्तानंही पुढे स्वतःच शाळेत जायचं ठरवलं. आम्ही आता सांगलीला असतो. ती नववीत आहे आणि तिला गप्प बसवणं अवघड आहे. कोणी आई माझ्याजवळ येऊन 'मला काय येतंय, मी काय शिकवणार' म्हणाली, की मी तिला बसवून घेते. माझ्यानं होतं तेवढं सांगते. त्यांच्यासारखं जमत नाही.

वाध्यारांचं दिवसकार्य उरकल्यावर मैथिली चेन्नईला परत निघाली. मी स्टेशनवर सोडायला गेले होते. गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. ती अचानक मराठीत म्हणाली, अगदी नीट, कुठेही न अडता, "आता हे मी कोणाशी बोलू?"

"माझ्याशी बोला ना. फोन करा."

ती कसनुसं हसली. "तुमच्याशी बोलते मी. पण तुम्ही मला अहो-जाहो करतां. मज 'तू' म्हणणारं या भाषेत आता कोणी नाही."

ती माझ्याहून चांगली मोठी, शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची बाई. गाडी आली. तिनं बॅग उचलली, पायरीवर पाय ठेवला.

"जपून जा गं," मी म्हटलं. "खिडकीपाशी बस. पोचलीस की कळव."

ती दारातच थांबली. मागून लोक चढायची घाई करत होते.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं. गाडी हलली, तशी तिच्याबरोबर चालत, फलाट संपेपर्यंत म्हणत राहिले.